फणसाचा रस्सा

ते रस्सा चाखत नसत, ऐकत. झाकण न उचलता पातेल्याजवळ कान न्यायचे, थोडं थांबायचे आणि म्हणायचे, "अजून कच्चं बोलतंय." ते आचारी; हिर्डोशीच्या आसपासच्या वाड्यांत जत्रेचं मटण त्यांच्याच हातचं असे. आता ते नाहीत. मी भोरचा बातमीदार. त्या बाजूला गेलो, की आधी त्यांच्या चुलीपाशी थांबायचो. "बातमी थांबती, रस्सा थांबत न्हाई," असं ते मला बजावत.

त्यांच्या घरात एक रीत होती. जत्रेच्या पंगतीत मटणातली नळी थोरल्या भावाच्या ताटात पडायची. थोरल्यांनी ती चोखली, की मग बाकीच्यांनी जेवणाला हात लावायचा. पुढे थोरल्यांच्या हृदयात स्टेंट घातला आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं. त्या वर्षी जत्रेच्या सकाळी थोरले शेळ्या घेऊन माळावर गेले, ते दिवस मावळल्यावर परतले. पंगत त्यांच्याविना उठली. मटण उत्तम झालं होतं. ज्यांनी रांधलं ते मात्र जेवले नाहीत.

पुढच्या वर्षी होळी झाल्यावर आचारी मला भोरच्या एसटी स्टँडवर भेटले. हातात डॉक्टरांचा कागद.

"ह्यात दादांना काय चालतंय, तेवडं वाचा."

मी वाचलं. तेल कमी, मीठ कमी, मटण नको, सुकं खोबरं नको.

"खोबरं बी न्हाई? मग रस्सा कशाचा करायचा, ते बी लिवायचं की डागदरानी." कागदाची घडी खिशात गेली. "यंदा दादांना पंगतीत बसवणार म्या."

पहिला प्रयोग सोयाबीनच्या वड्यांचा. थोरल्यांनी एक वडी दातांनी ओढून पाहिली आणि विचारलं, "चप्पल कुणाची रं ही?" दुसरा सुरणाचा. त्यात खाज मारायला चिंच घालायची राहिली. "तुजा रस्सा बोलतो म्हणं," थोरले खाकरत म्हणाले, "माजा घसाच बोलाय लागला."

तिसऱ्या खेपेला कोवळा फणस आला. चीक लागू नये म्हणून हाताला आणि विळीला तेल लावून त्यांनी मटणाएवढे तुकडे केले, ते तव्यावर कोरडेच भाजले. रश्श्याला कुळीथ शिजवलेलं पाणी. खोबऱ्याच्या जागी भाजलेले तीळ आणि निखाऱ्यात भाजलेला कांदा. मसाला नेहमीचा.

वास सुटला तशी थोरल्यांची बायको दारात आली. ती माळकरी.

"भावजी, माज्या गळ्यात माळ हाय. सोप्यात तरी शिजवू नका."

"वैनी, फणस हाय."

"फणसाला असला वास येतो व्हय?"

त्यांनी पाटीतल्या साली आणून दाखवल्या. तिने साली पाहिल्या, पातेल्याकडे पाहिलं, आणि पदर नाकाला लावून शेजारच्या घरी निघून गेली. ते खाली बसून डोळ्यांत पाणी येईतो हसले.

"वैनी पळाल्या. जमलं म्हणायचं."

जत्रेच्या दिवशी दोन चुली, दोन पातेली, दोन पळ्या. थोरल्यांनी शेळ्या सोडायला घेतल्याच होत्या. त्यांना बोलवायला आचाऱ्यांनी मला पाठवलं. "तुमी पावणे. पावण्याला ते न्हाई म्हणत न्हाईत."

थोरले आले. "नुसता बसतो," म्हणाले.

ताटात नाचणीची भाकरी, फणसाचा रस्सा आणि रश्श्यात बोटभर लांबीचा एक तुकडा. सगळी पंगत हात मांडीवर ठेवून बघत होती. थोरल्यांनी तो तुकडा उचलला. शेवग्याची शेंग होती.

"कुठल्या बोकडाची ही?"

"आपल्याच बांधावरच्या."

थोरल्यांनी शेंग ताटाच्या कडेवर दोनदा आपटली, तोंडात धरली आणि डोळे मिटून ओढली. मग बाजूला ठेवून म्हणाले, "जेवा." ओळीभर हात हलले.

दुसऱ्यांदा रस्सा घेताना थोरले म्हणाले, "मीठ कमी हाय."

"डागदराला सांगा," आचारी म्हणाले. पळी पातेल्यात ठेवून ते दादांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि आपलं ताट पुढे ओढलं.