सगळ्यांसमोर नेलं, तर सगळ्यांसमोर आणा

मी ऑस्ट्रेलियाला निघालो त्या सकाळी आमच्या फाट्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती. रोहण्याकडून येणारी वर्ध्याची एसटी यायची होती. विहारातल्या मंडळींनी हार घातला, मामांनी पेढ्यांचा पुडा हातात कोंबला, कोणीतरी मोबाईलवर फोटो काढत होतं. मी बत्तीस वर्षांचा, पुण्यात दहा वर्षं वेल्डिंग करून आलेला, एका पोरीचा बाप. आणि बस वळणावर दिसली तशी माय गर्दीतून पुढं आली, माझ्या तोंडाशी नाक आणलं अन् म्हणाली, "हा कर."

सगळे हसायला लागले. मी दबक्या आवाजात म्हटलं, "माय, लोक पाहून राह्यले ना."

"पाहू दे. हा कर."

केलं. काय करतो? तिनं वास घेतला, मान हलवली आणि म्हणाली, "जाय आता." मला जवळ घेतलं ते त्यानंतर. बसमध्ये आर्वीपर्यंत मी तिच्यावर चिडलेलो होतो, आणि आर्वीच्या पुढं रडत होतो.

हे सगळं आज लिहायचं कारण म्हणजे आपल्या गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. मागच्या महिन्यात तिथं कोणीतरी टाकलं, "प्रकाश्या, तिकडं तुले रोज नळीत फुकाले लावते अन् डब्यात मुतवून घेते म्हणे. इतकी बेइज्जती कायले सहन करतो बे?" खाली हसणारे पंधरा चेहरे. बाप्पाहो, उत्तर देतो. पण ते मोबाईलवर मावणारं नाही, म्हणून हे लांबण. आयटीआय करून इकडं यायच्या तयारीत जे आहेत, त्यांनीही वाचा. तुमच्या कामाचं आहे.

आपला जिल्हा दारूबंदीचा. कागदावर एकदम कोरडा. आणि सायकलच्या मागं ट्यूबमध्ये भरून दारू कुठून कुठं जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. माझा बाप तिच्यातच गेला. तो असतानाच मायनं दारात उभं राहून तपासणी सुरू केली होती. घरात येणाऱ्यानं आधी हा करायचा. वास आला तर ओट्यावर झोपायचं, जेवणही तिथंच. बाप झाला, काका झाले, एकदा तर माझ्या बहिणीला पाहायला आलेल्या पाहुण्यालाही तिनं सोडलं नाही. सोयरीक मोडली, मायचं काही अडलं नाही. बायांचा गट घेऊन ती बंधाऱ्याजवळ सायकली अडवायची, आणि घरी आल्यावर सुरुवात माझ्यापासून करायची. "दुसऱ्याच्या पोराले विचारायचं अन् आपल्या पोराले सोडायचं, असं नाई चालत," हे तिचं म्हणणं.

मी आयटीआयला होतो तेव्हा खोकल्यानं हैराण झालो होतो. आर्वीच्या वैद्यानं आसवाची बाटली दिली, आंबवलेलं औषध, वास दारूसारखाच. मी झाकणाऐवजी सरळ बाटलीला तोंड लावून घोट घेतले आणि पाणी आणायला हापशीवर गेलो. तिथं मायला वास आला. दहा-बारा बायांसमोर तिनं मला कानफटात दिली. मी बादली तिथंच टाकून पळालो. दुसऱ्या दिवशी माझ्या थैलीत तिला बाटली सापडली. तिनं झाकण उघडून वास घेतला. माझा हात धरला आणि त्याच वेळेला, त्याच बायांसमोर मला हापशीवर घेऊन गेली. म्हणाली, "काल म्या याले मारलं, थे तुम्ही सगळ्यांनी पाह्यलं. यानं काही केलं नव्हतं. माहं चुकलं." मला तर कालच्या मारापेक्षा जास्त लाज वाटली. तिचा आवाज तेव्हा ऐकला होता तसाच अजून कानात आहे.

आता इथली गोष्ट. पर्थ शहरापासून विमानानं दोन तास लांब, लाल मातीत लोखंडाची खाण आहे. दोन आठवडे कॅम्पवर राहायचं, एक आठवडा पर्थला बायको-पोरीकडं घरी यायचं. डोंगराएवढ्या ट्रकांचे फाटलेले हौदे मी जोडतो. वर क्रेनला पत्रा टांगलेला असतो आणि खाली माझी टाळू. त्या क्रेनवाल्याच्या डोळ्यांत झिंग असली, तर मायला माझा चेहरा तरी पाहायला मिळेल का? म्हणून म्हणतो, तपासणी असावी. कडक असावी. याच्यात मला बेइज्जती वाटत नाही.

गेटवर रोज सकाळी रांग लागते. नळीत फुंकायचं, पडद्यावर शून्य आलं की पुढं. आदल्या रात्रीची उतरत आलेलीसुद्धा चालत नाही, शून्य म्हणजे शून्य. मग एक बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर कामावर जा, लाल लागला तर बाजूच्या खोलीत, डब्यात लघवी द्यायला. लाल कोणाला लागेल ते मशीन ठरवतं, मुकादम नाही, असं पहिल्या दिवशी सांगितलं. मी मनात म्हटलं, हो का? असलं पुष्कळ ऐकलंय.

कारण मला केबलची झडती आठवली. तुम्हालाही आठवत असेल, आणि नसेल तर मी आठवण करून देतो. एका शेतावरची मोटरची केबल चोरीला गेली होती. मालक चार माणसं घेऊन आला तो सरळ विहारामागच्या आमच्या वस्तीत. गावात दुसरी घरं नव्हती का? पण नाही. डबे उपडे केले, गोधड्या झटकल्या, धान्याच्या कोठीत हात घातले. माय भिंतीला टेकून उभी होती. काही सापडलं नाही. आठ दिवसांनी ती केबल मालकाच्याच गोठ्यात कडब्याखाली निघाली. सगळ्या गावाला कळलं. आमच्या दारात मात्र कोणी फिरकलं नाही.

म्हणून पहिले दोन आठवडे मी त्या दिव्यावर डोळा ठेवून होतो. लाल कोणाला लागतो? आम्हा बाहेरच्यांनाच का? आणि एके सकाळी माझ्या मागं खाणीचा सगळ्यात मोठा साहेब उभा होता, आणि लाल त्याला लागला. तो बिचारा टोपी काढून, डबा हातात घेऊन, सगळ्यांसारखा संडासात गेला. मी पाहतच राहिलो. आपल्याकडं केबलवाल्याच्या कोठीत कोणी हात घातला होता का कधी?

दोन वर्षांनी मी सुट्टीवर गावी आलो. परतताना मायनं बॅगेत शेवया, तिखट आणि सर्दीच्या गोळ्यांची पट्टी टाकली. खाणीवर थंडी होती, नाक गळत होतं. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ गोळी घेतली. चौथ्या दिवशी मला लाल दिवा लागला.

खोलीतली बाई शांत होती. फॉर्मवर विचारलं होतं, गेल्या काही दिवसांत कुठलं औषध घेतलं का? मी लिहिलं, नाही. खोटं नव्हतो बोलत, आईशप्पथ. आपल्याकडं औषध म्हणजे डॉक्टर लिहून देतो ते. सर्दीची गोळी हे काय औषध आहे? ती तर किराण्याच्या दुकानातही मिळते. हीच माझी चूक. इकडं येणाऱ्यांनो, गोळी, काढा, आसव, चूर्ण, जे काही तोंडात गेलं ते लिहा. हसतील तर हसू द्या.

डबा दिला, त्याच्या बाहेर लघवी ताजी, गरम आहे का ते दाखवणारी पट्टी असते, म्हणजे कोणी दुसऱ्याचं आणून ओतू नये. बाईनं माझ्यासमोर चाचणी लावली. इथं प्रत्येक नशेसाठी एक रेघ उमटावी लागते. उमटली म्हणजे ती नशा अंगात नाही. माझ्या सगळ्या रेघा आल्या, एका जागी आली नाही. बाई म्हणाली, याचा अर्थ तुम्ही नशा केली असा होत नाही, फक्त प्रयोगशाळेत तपासावं लागेल. मग तिनं नमुना दोन बाटल्यांत भरला, सील लावलं, सीलवर माझी सही घेतली. एक तपासायची, दुसरी जपून ठेवायची, म्हणजे मी निकालाला आव्हान दिलं तर ती उघडता येते. इथपर्यंत सगळं रीतसर झालं. बोट ठेवायला जागा नाही.

पण मग माझा सुपरवायझर क्रेग आला. त्यानं माझ्या गळ्यातला पास काढला आणि मला सकाळच्या मीटिंगच्या मधून, चाळीसेक माणसांसमोरून, गाडीपर्यंत चालवत नेलं. मागच्या दारानं नेता आलं असतं. माझ्या रोजच्या जोडीदारानं माझ्याकडं पाहून नजर खाली घातली. ते चालणं मला केबलच्या दिवसासारखंच लागलं.

पर्थला घरी बसवलं. व्हिसा याच कंपनीवर होता. नोकरी गेली तर पोरीची शाळा, आमचं इथलं राहणं, सगळंच गुंडाळायचं. कारंज्याचे दिलीपभाऊ इथं माझ्या आधीपासून आहेत, रिगरचं, म्हणजे क्रेनला माल बांधायचं काम करतात, माणूस भला. त्यांनी फोनवर समजावलं, "अरे, निकाल यायच्या आधी राजीनामा देऊन टाक. दुसरीकडं लावतो तुले. बोभाटा कायले करतो?" मी हो म्हणायच्या बेतात होतो, खरं सांगतो.

मग मायला फोन केला. सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "घेतली का?"

"नाई."

"मंग हालू नको तिथून."

त्या संध्याकाळी मी कंपनीचं नियमांचं पुस्तक पहिल्यांदा नीट वाचलं. शेवटच्या पानांवर चाचणीत नशेसारख्या दिसणाऱ्या औषधांची यादी होती, आणि तिच्यात सर्दीच्या गोळ्यांमधलं एक नाव. कपाटातून मायची पट्टी काढली. मागच्या बारीक अक्षरात तेच नाव. मी जमिनीवर बसून हसलो, बायकोला वाटलं याचं डोकं फिरलं. पट्टीचा फोटो कंपनीच्या डॉक्टरला पाठवला. चार दिवसांनी निकाल आला: सर्दीचं औषध आहे, नशेचं काही नाही.

क्रेगचा फोन आला. उद्या ये, सगळं ठीक आहे. मी म्हटलं, येतो. पण मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगायचं. तो गोंधळला. म्हणाला, निकाल गुप्त असतो, दुसऱ्याला सांगता येत नाही, नियम आहे. आता मात्र माझं टाळकं सरकलं. म्हटलं, क्रेग, नेताना कुठं गेली होती ही गुप्तता? ती माझ्यासाठी आहे ना? मग मी ती सोडतो, लिहून देतो. तो म्हणाला, असं आजवर कोणी मागितलं नाही. मी म्हटलं, मी मागतो. सगळ्यांसमोर नेलं, तर सगळ्यांसमोर आणा, नाही तर मी गेटवर बसून राहतो.

इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, सही केली. सकाळी मीटिंगमध्ये आधी मीच बोललो. इंग्रजी अर्धी. म्हटलं, मी सर्दीची गोळी घेतली होती आणि फॉर्मवर लिहिली नाही, ती माझी चूक. मग क्रेगकडं पाहिलं. तो बुटांकडं बघत म्हणाला, प्रकाशच्या तपासणीत काही निघालं नाही, आणि मी त्याला तुमच्यामधून नेलं ते चुकलं. बस. एवढंच. माझ्या जोडीदारानं माझं हेल्मेट कोपऱ्यातून आणून दिलं आणि आम्ही कामाला लागलो.

मायला सांगितलं तेव्हा तिनं विचारलं, "त्यानं सगळ्यांसमोर म्हटलं?"

"हाव."

इतकी वर्षं दर फोनला तिचा शेवटचा प्रश्न एकच असायचा, "परत कवा येतो?" त्या दिवशी तिनं तो विचारला नाही. म्हणाली, "मंग राह्य तिथं. राहाले हरकत नाई." मला वाटलं होतं मी खूश होईन. मी फोन ठेवून बराच वेळ अंगणात उभा राहिलो. तिनं मला त्या फाट्यावर सोडलं नव्हतं, तेव्हा सोडलं.

म्हणून बेइज्जतीचं विचारता ना, तर ऐका. नळीत फुंकण्यात ती नाही, डब्यात तर अजिबात नाही. चुकीचा संशय घेऊन, चूक कळल्यावर तोंड लपवण्यात आहे. घर कुठलं म्हणून मला कोणी विचारलं, तर आता मी जन्माचं गाव सांगत नाही आणि व्हिसाचं शहरही सांगत नाही. ज्यांच्यासमोर तुमचं नाव खाली पाडलं, त्यांच्यासमोरच जिथं ते उचलून देतात, ते घर. मायचं दार तसं आहे. ही लाल मातीची खाण, ओढून का होईना, तशी झाली.

गावाचं अजून बाकी आहे. केबलवाला मालक या ग्रुपमध्ये आहे, त्या हसणाऱ्या पंधरा चेहऱ्यांत त्याचाही एक होता, मी पाहिला. काका, हे तुमच्यासाठी आहे. तुम्हाला इतक्या लांब यायची गरज नाही. घरोघरी नळ आले तरी हापशी तिथंच आहे. सकाळी सात वाजता बाया असतात. माय पण असते.