कांडीचं दुसरं टोक

झिपरीताईचे स्वतःचे केस कानाच्या वर कापलेले. तरी नाव पडलं झिपरीताई, कारण आसपासची सगळी झिपरी कुत्री कधी ना कधी केस कापून घ्यायला तिच्या टेबलावर उभी राहून गेलेली. त्याआधी ती बायकांच्या पार्लरमध्ये कात्री चालवायची. ते का सोडलं असं कुणी विचारलंच तर म्हणायची, "बायका आरशात बघतात नि माझ्याशी भांडतात. कुत्री आरशाशी भांडतात. मला बरं पडतं."

दुकान धाकट्याचं. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. पोट सुटलं, टक्कल पडलं, चष्मा लागला, तरी धाकटाच. पुढच्या भागात त्याचा पसारा: पट्टे, साखळ्या, खाद्याची पोती, माणसाला मिळू नयेत अशा मऊ गाद्या. मागच्या खोलीत ताईचं राज्य. खोल हौद, रबरी चटई घातलेलं टेबल, घोंघावणारा ड्रायर आणि ओल्या कुत्र्यांचा असा दर्प, की नवखा माणूस दारातनंच मागं फिरायचा. ताईला तो वास येतच नसे. तिच्या दृष्टीनं वास यायचा तो पुढच्या खोलीत, धाकट्याच्या अत्तराचा.

डोळ्यांजवळचे आणि कानाच्या कडेचे केस कापणं हे तिच्या कामातलं सगळ्यात नाजूक. कुत्र्यानं मान हलवली की कात्री कुठं जाईल सांगता येत नाही. त्यावर तिनं आपली एक युक्ती काढली होती. दात साफ व्हावेत म्हणून कुत्र्यांना चघळायला देतात ती डेंटल स्टिक (ताई तिला कांडी म्हणायची) डाव्या हातात टोकाशी घट्ट धरायची आणि दुसरं टोक कुत्र्याच्या तोंडात. ते चघळण्यात गुंग झालं की मान आपोआप ठरल्या जागी राही, आणि उजव्या हातातली कात्री निर्धास्त फिरे. कांडी संपत आली, बोटभर बोंडूक उरलं, की ताई ते ओढून काढी आणि एप्रनच्या खिशात टाकी.

"चांगला माल फुकट घालवतेस," धाकटा कुरकुरायचा.

"घशात गेला तर फुकट जाणार नाही का?" ताई कात्रीवरची नजर न काढता म्हणायची.

हा प्रश्न धाकट्यानं कधी मनावर घेतला नाही. उलट त्यानं मऊ कांड्या आणायच्या बंद केल्या आणि ब्रशच्या आकाराच्या नव्या, टणक कांड्या आणल्या. ताईनं एक टेबलावर आपटली. टण्ण आवाज झाला.

"हे कुत्र्याला द्यायचं की दाराला अडसर घालायचा?"

"टिकाऊ आहे. एक दिली की दिवसभर पुरते. लोकांना टिकाऊच लागतं."

ताईनं उरलेला मऊ कांड्यांचा डबा आपल्या कपाटात नेऊन ठेवला आणि विषय सोडून दिला. तिच्या टेबलापुरता तो संपलाच होता.

ताईचं सगळ्यात लाडकं गिऱ्हाईक गोंड्या. पांढरा, केसाळ, पायपुसण्याला पाय फुटावेत तसा. कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींचा. खरं तर घड्याळजींच्या बायकोचा; ती गेल्यावर दोघं एकमेकांच्या वाट्याला आले. घड्याळजी दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचे, गोंड्या त्यांच्या स्टुलाखाली. दोघं मिळून दिवसात जेमतेम चार शब्द बोलत असतील, त्यातले तीन गोंड्याचे.

एकदा गोंड्या ताज्या हजामतीनंतर असा काही देखणा दिसत होता, तोंडात कांडी, डोळे वर, की धाकट्यानं फोटो काढला. तो मोठा करून गल्ल्यामागं लावला. खाली लिहिलं, 'स्वच्छ दात, आनंदी साथ!' आणि त्याच्याखाली टोपलीभर टणक कांड्या. ताई येता-जाता त्या फोटोकडं बघायची. कानाची कड काय सुरेख उतरली आहे, एवढंच तिला दिसायचं.

मग एका सकाळी घड्याळजी दुकानात आले. त्या वेळी ते आपलं दुकान सोडून कधी हलत नसत. डोळ्यावरचं भिंग कपाळावर तसंच, आणि हातात टेबलक्लॉथमध्ये गुंडाळलेला गोंड्या.

"ताई, कालपासून हा खाईना. पाणी पितो नि ओकतो. आणि असा वाकतो," असं म्हणून त्यांनी गोंड्याला गल्ल्यावर ठेवलं आणि भर दुकानात स्वतः कोपर जमिनीला टेकून, पाठ वर काढून दाखवलं. एरवी कुणीही हसलं असतं. कुणी हसलं नाही.

ताईनं गोंड्याच्या पोटाला हात लावला, ते दगडासारखं लागलं तसा लगेच उचलला. मागच्या टेबलावर एक पूडल अर्धं कापून ठेवलेलं होतं, एका बाजूनं राजपुत्र, दुसऱ्या बाजूनं केरसुणी.

"हे पूडल धर," ती धाकट्याला म्हणाली. "आणि सोडलंस तर बघ."

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे काढला आणि लगेच पोट उघडायला घेतलं. बाहेरच्या बाकावर ताई आणि घड्याळजी. समोर मांजराच्या पेटीतनं कुणीतरी तक्रार करत होतं.

"काय खाल्लं होतं त्यानं?" ताईनं विचारलं.

"काही वेडंवाकडं नाही हो. ती तुमच्या टोपलीतली कांडी तेवढी. रोज देतो. हिनं जपलेलं कुत्रं, दात गेले तर तिला काय तोंड दाखवू? शेवटचा तुकडा राहिला होता. मी काढायला हात पुढं केला, तर माझ्याकडं बघत बघत गिळून टाकला."

"दुसरं टोक न धरता देत होता?"

"मग? तुमच्या फोटोत तसंच आहे ना. तोंडात कांडी, बाजूला कुणी नाही."

"कुणी नाही कसं? मी होते ना बाजूला!"

घड्याळजींनी मान हलवली. "फोटोत तुम्ही नाही, ताई. मी नीट बघितलाय. बारीक बघणं हाच तर धंदा आहे माझा."

ताई उतू जायच्या आधीच्या दुधासारखी वर चढत होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, हातात स्टीलचा ट्रे. ट्रेमध्ये अंगठ्याएवढं बोंडूक. एवढे हाल होऊनही त्यावरचं कंपनीचं चिन्ह लख्ख वाचता येत होतं.

"आतड्यात बूच बसलं होतं. काढलंय. शुद्धीवर येऊन पाणी पोटात ठेवलं तर निम्मी लढाई जिंकली. आत्ता शब्द देत नाही." मग त्यांनी ट्रे पुढं केला. "आणि वरची मोठी दाढ उभी चिरली आहे. ती नंतर काढावी लागेल. दातांच्या निगेसाठी देत होतात म्हणे?"

घड्याळजींनी ट्रेकडं बघितलं आणि कपाळावरचं भिंग काढून खिशात ठेवलं.

"सगळ्याच वाईट नसतात," डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या. "नख दाबून खळगा पडला तर द्यावी. कुत्र्याच्या मापाची द्यावी आणि संपेपर्यंत समोर बसावं. शंका आली तर आपल्या गुडघ्यावर मारून बघायची. आपल्याला लागलं, तर दाताला लागणारच."

घड्याळजी तिथंच थांबले. ताई निघाली. रस्त्यात तीन माणसांनी तिला हाक मारली, तिघंही जागच्या जागी राहिले.

दुकानात धाकटा बगलेत अर्धं पूडल धरून एका बाईंना माल दाखवत होता. बाईंच्या पिशवीतनं पिल्लाचं मुंडकं बाहेर.

"लहान आहे, पण टणक चावलं की जबडा मजबूत होतो," तो सांगत होता.

"बाई, थांबा," ताई म्हणाली. "काही घेऊ नका." मग फोटोकडं बोट दाखवून भावाला, "माझा हात कुठं गेला?"

"कसला हात?"

"कांडी धरलेला माझा हात! या फोटोत डाव्या कोपऱ्यात होता. कुठं घातलास?"

धाकटा ओशाळून हसला. "अगं, तो कापला. फोटो चांगला दिसेना. नखांत केस, मनगटाला फेस..."

"चांगला दिसेना? अरे, त्या फोटोत कामाचं तेवढंच होतं! त्या हातानं शेवटचं बोंडूक काढून घेतलं म्हणून एवढी वर्षं माझ्या टेबलावर एक कुत्रं गुदमरलं नाही. तू हात कापलास नि कांडी ठेवलीस. त्या माणसाला वाटलं, ताई देते म्हणजे बरंच असणार. माझं नाव लावून त्याच्या घरात दगड पाठवलास!"

"माझ्यावर कशाला ओरडतेस? पाकिटावर लिहिलंय, देखरेखीखाली द्यावे म्हणून."

ताईनं पाकीट उचललं. पुढं दात विचकणारं कुत्रं, वर चांदीची अक्षरं. ती ओळ सापडली मागच्या शिवणीत, मुंग्यांनी लिहावी अशी.

"हे वाच. चष्म्यासकट वाच."

धाकट्यानं पाकीट जवळ नेलं, लांब नेलं. पूडलनंही मान लांब केली.

"आणि कंपनीवाल्यांना हे ठाऊक आहे बरं का," ताईचा आवाज चढला. "ठाऊक नसतं तर लिहिलं कशाला असतं? हसणारं कुत्रं वीतभर, धोका मात्र शिवणीत! उद्या कुणाचं मेलं की म्हणायला मोकळे, आम्ही लिहिलं होतं. अगदी तुझ्यासारखे."

"पण इतकीही काही टणक नाही गं. तू उगाच..."

ताईनं टोपलीतली कांडी घेतली आणि त्याच्या गुडघ्यावर हाणली.

"आई गं!" धाकटा एका पायावर नाचला. पूडल सुटलं आणि अर्धी हजामत मिरवत गाद्यांवर जाऊन बसलं. पिशवीतलं पिल्लू भुंकायला लागलं. बाईंनी हातातलं पाकीट हळूच परत ठेवलं.

"लागलं?" ताईनं विचारलं. "दातांच्या निगेची वस्तू आहे. निगा राखली तुझी."

गुडघा चोळून झाल्यावर धाकटा पडत्या आवाजात म्हणाला, "बरं, चुकलं. पुन्हा मोठा फोटो करतो. हातासकट."

"हातासकट लाव. आणि टोपली काढ."

"टोपली काढली तर फोटो कशाचा?"

"हाताचा!"

टोपली त्या दिवशी मागच्या दारानं कचऱ्याच्या गाडीत गेली. धाकटा लंगडत ती पोचवायला गेला आणि आल्यावर दिवसभर बहिणीशी बोलला नाही. ताईनंही मनधरणी केली नाही. त्याच्या रुसण्यापेक्षा तिला दवाखान्याच्या फोनची काळजी होती. फोन वाजला तेव्हा दोघं एकदमच उठली. पलीकडं घड्याळजी. "पाणी राहिलं पोटात," एवढंच म्हणाले.

गोंड्या पुन्हा टेबलावर आला तेव्हा पोटावरचे केस नुकते फुटत होते आणि एका बाजूची दाढ गेलेली. घड्याळजी दारात उभे. ताईनं मऊ कांड्यांच्या डब्याला हात लावला नाही. डाव्या हाताच्या बोटाला ओलं फडकं गुंडाळलं आणि उजव्या हातानं कानाची कड धरली. सवयीनं गोंड्यानं आ केला. फडकं दातांवरनं फिरू लागलं तसं त्याला ते चघळावंसं वाटलं; त्यानं टोक पकडलं आणि ओढलं.

"सोड, बाबा," दारातनं घड्याळजी घाबरून म्हणाले.

"त्याला ओढू द्या," ताई म्हणाली. तिनं मूठ आवळली आणि उजव्या हातात कात्री घेतली. "दुसरं टोक माझ्याकडं आहे."