मेरिनचं काचेचं टाकं

मेरिन ट्रेलोरने तीस वर्षं साच्यांत काच ओतली आणि तीस वर्षं त्या साच्यांची धूळ गिळली. फेब्रुवारीत डॉक्टरांनी तिच्या फुप्फुसांचा फोटो उजेडासमोर धरून सांगितलं, यापुढे एकही साचा नाही. बाई हट्टी. "एक भट्टीत आहे," ती म्हणाली, "तेवढा निघू दे."

भट्टीत होतं तिच्या आईचं कपडे धुण्याचं टाकं. पोर्ट पिरी गावातल्या घरामागे मूळचं टाकं सिमेंटचं होतं. बाप शिसं वितळवण्याच्या कारखान्यात. त्याचे कपडे आई त्यात वेगळे धूत असे, पोरांच्या कपड्यांना ते विष लागू नये म्हणून. मेरिनने जन्मभर त्याच घरातल्या वस्तू काचेत घडवल्या. पावाचा डबा झाला, बापाची जेवणाची पेटी झाली, ॲडलेडच्या कलादालनांनी त्या कौतुकाने मांडल्या. टाक्याला हात घालायचा धीर मात्र तिला आत्ता झाला, आणि तोही शेवटचा साचा म्हणून.

एवढी जाड काच गार व्हायला एकोणीस दिवस लागतात. तोवर झाकण उघडायचं नाही, गार हवा लागली की काच तडकते, हे या धंद्यात पहिल्याच दिवशी शिकवतात.

अकराव्या दिवशी, तिथल्या उन्हाळ्यातल्या त्रेचाळीस अंशांच्या दुपारी, वीज गेली. भट्टी विजेवरची. शेजारच्या गाळ्यात लोखंडाचं काम करणारा कॉन लेकास घरातल्या होत्या नव्हत्या त्या लोकरी घोंगड्या घेऊन धावत आला. आतली ऊब एकदम उतरू नये म्हणून दोघांनी भट्टी गुंडाळली.

"लोक बर्फ शोधतायत आणि आपण पांघरुणं घालतोय," कॉन घाम पुसत म्हणाला. "कुणी बघितलं तर दोघांची रवानगी वेड्यांच्या इस्पितळात."

पाच तासांनी वीज आली. भट्टी साठ अंशांनी उतरली होती. एवढ्याने काच तडकते, किंवा नाही तडकत. आत काय झालं ते उघडल्याशिवाय कळणार नव्हतं.

मेरिनला अन्न जाईना. ती भट्टीपाशी खुर्ची टाकून बसून राहिली.

"मला बघायचंय, कॉन."

"थांब की आठवडाभर."

"आणि आत तडकलेलंच असेल तर? आठवडाभर मढ्याच्या उशाशी बसू?"

"आणि धड असेल तर? झाकणाला हात लावलास ना, तर बघ!"

चौदाव्या दिवशी कॉन जेवण आणायला गेला आणि तिचा धीर सुटला. तिने झाकण दोन बोटं उचललं. टाकं जसंच्या तसं होतं. काठ स्वच्छ, कुठे केसाएवढीही रेघ नव्हती. मेरिन आनंदाने हसली, आणि हसण्यातून खोकल्याची उबळ उठली. जीव गुदमरला, डोळ्यांपुढे अंधारी आली. झाकण खाली सोडावं हेही तिला सुचलं नाही. घट्ट मुठीत धरून ती वाकून खोकत राहिली. खोकला थांबला तेव्हा आतून टक् असा आवाज आला. मग आणखी एक.

कॉन आला तेव्हा ती जमिनीवर बसली होती. त्याने भट्टीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि हातातला पुडा हळूच ठेवला.

"विजेने घात केला," तो म्हणाला. "त्याच दिवशी गेलं असणार ते, मेरिन. कुणीही हेच म्हणेल."

"अखंड होतं रे," ती म्हणाली. "मी बघितलं ना."