दोन्ही हात वर

दोन्ही हात डोक्याच्या वर, कानाला चिकटून, पंजे उघडे. मामा असे हुबे राहिले की समजायचं, आता कायतरी थांबणार. खुटबावच्या अलीकडं रेल्वेचं फाटक व्हतं, तितले फाटकवाले, समदे त्येंना मामाच म्हणायचे. तुमी त्या रस्त्यानं कवा गेला असाल तर तुमीबी बघितलं असंल त्येंना. अंगानं वाळल्याली शेवग्याची शेंग. रेल्वेचा निळा शर्ट त्येंनी घातलाय असं वाटायचं न्हाई, दोरीवर वाळत टाकलाय असं वाटायचं.

"येशूच्या नावात, थांब." हे वाक्य त्येंच्या तोंडात येता-जाता. फाटकाखालनं मोटरसायकल वाकडी करून घालणाऱ्या पोरांना, अंगावर येणाऱ्या कुत्र्याला. एकदा स्टोवर चहा उतू जाया लागला तवा मीच म्हणलो, "मामा, ह्येला बी सांगा की." तर म्हणाले, "ह्येला स्टो बारीक करावा लागतो. परत्येक गोष्टीला देवाला हाक मारू नये, येड्या."

मी उसाच्या ट्रॅक्टरवर डायवर. शाळा मी भायेरनं बघितल्याली हाय, इमारत चांगली हाय. माझ्या डोक्यात आन् माझ्या ट्रॉलीत, दोन्हीकडं माल भरताना माझा अंदाज चुकतो. एकात कमी पडतो, दुसऱ्यात जास्त व्हतो. आमची वळख झाली ती त्याच्यापायीच.

कारखान्याला ऊस घिऊन चाललो व्हतो. ट्रॅक्टर फाटकातनं पार झाला, पुढची ट्रॉली पार झाली, आन् मागच्या ट्रॉलीची पिन तुटली. ट्रॉली बरोबर रुळावर. आता शहाणा माणूस काय करंल? मी खाली उतारलो आन् उसानं गच भरल्याली ट्रॉली एकटाच ढकलाया लागलो. लांबनं गाडीचा भोंगा आला.

मामांनी केबिनीतनं फोन केला, आन् लाल झेंडी घिऊन रुळाच्या मधनं पळाले. गाडीच्या अंगावर. दोन्ही हात वर. म्हातारा माणूस खडीवरनं असा पळताना मी कवा बघितला न्हवता. चाकं किंचाळली, धूर निघाला, आन् इंजिन मामांच्या पुढ्यात इऊन थांबलं. मी तवा कुठं व्हतो? ट्रॉलीच्या मागं लपलो व्हतो. जी ट्रॉली गाडी उडवणार व्हती, तिच्याच मागं.

समदं निस्तरल्यावर मामांनी मला केबिनीत बसवून चहा दिला. मी म्हणलो, "मामा, येवढी गाडी थांबिवली तुमी."

"मी कुठं? मी आडवा पडलो असतो तर गाडीला खडा लागल्यावानी वाटलं असतं. गाडी झेंडीला थांबती. झेंडी रेल्वेची. रेल्वेनं ती माझ्या हातात दिलीय, येवढंच." मग पाणी प्याले आन् म्हणाले, "येशूचं नाव बी तसंच हाय. ताकद माझी न्हाई. अधिकार दिल्याला हाय."

मला त्यातलं कायबी कळलं न्हाई. पण चहा चांगला व्हता, म्हणून मी रोज थांबाया लागलो.

तितंच मला झेंडीच्या खुणा कळल्या. हाताशी झेंडी नसंल तर दोन्ही हात वर, म्हंजी थांब. एकच हात खांद्याच्या रेषेत आडवा, न हालवता धरला, म्हंजी जा, रस्ता मोकळा.

मी इचारलं, "आन् दोन्ही हात आडवे धरले तर?"

"मंग बुजगावणं. तू शोभशील."

नाताळाला मामा मला दौंडला त्येंच्या चर्चात घिऊन गेले. मी बिर्याणीपायी गेलो, खोटं का बोलू. गाणं सुरू झालं आन् समद्या मंडळीनं एकदम दोन्ही हात वर केले. मी घाबरून मागं वळून बघितलं, म्हणलं कुठली गाडी आली. शेजारची बाई तोंडाला पदर लावून हासली. त्यांच्यात देवाला हात जोडत न्हाईत, वर करत्यात, हे मला कुठं ठावं.

मग आमचा बाप गेला, आन् आईला भ्या बसलं. भरदिवसा दाराकडं बघून वरडायची. जेवण न्हाई, झोप न्हाई. माझी बहीण शिरूरला दिल्याली, तिनं आईला तितल्या डॉक्टरला दाखिवलं, गोळ्या चालू झाल्या. गावातल्या देवर्षालाबी दाखिवलं. त्यानं कोंबडं नेलं, भ्या तितंच ठिवलं.

मामांच्या कानावर घातलं तर पयला सवाल, "गोळ्या देतोस का येळच्या येळी? बंद करू नको. गोळी बी देवाचीच हाय." मग सुट्टीच्या दिशी शटल गाडीनं आले. आईच्या म्होरं बसून लई मऊ बोलले, "आक्का, जरा टेकून बसा. उशी देऊ का पाठीला?" आन् मग त्येंचा आवाज पार बदालला. डोळे मिटले, दोन्ही हात वर.

"ए. तू. ऊठ हितनं. येशूच्या नावात तुला हुकूम हाय. ह्या घरातनं भायेर हो."

मी उठलो आन् भायेर गेलो. चप्पल बी घालाया लागलो. बहीण आतनं म्हणाली, "आरं दादा, तुला न्हाई."

मामा डोळे न उघडता म्हणाले, "त्यो बी जाऊ दे जरा येळ."

मी दारात हुबा, एक चप्पल पायात, एक हातात. आन् आई जांभई दिऊन आडवी झाली. धारा काढायच्या टायमाला उठली ती भाकरी मागतच. लोकं देवाफुडं रडत्यात, नवस बोलत्यात, हे मी बघितलं व्हतं. पर दुखण्याला असं गड्यासारखं दरडावल्यालं मी जल्मात बघितलं न्हवतं. आता ते गोळीनं गेलं का हुकमानं, मला इचारू नका. मला शर्टाचं बटन कुठल्या काजात घालायचं त्ये बी दोनदा बघावं लागतं.

गावात कुजबूज झाली. एका पोरानं मामांना रस्त्यात अडवून इचारलं, "धरम बदलाया येता का वो आमच्या गावात?" मामा म्हणाले, "बाबा, मी अजून सोताला बदलतोय. त्येच आवरंना." आईनं म्हसोबाला निवद दाखवायचं कवा सोडलं न्हाई, आन् मामांनी तिला सोड म्हणलं न्हाई. निवदातला अर्धा कानवला त्येच खायचे.

पण मी पडलो गंमत्या. मला मामांची नक्कल सापडली. जितं जाईल तितं चहाच्या टपरीवर दोन्ही हात वर करून "येशूच्या नावात, थांब." लोकं हासून लोळायची. एकदा कांदा घिऊन शिरूरच्या मार्केट यार्डात गेलो. तितं एक वळू मोकाट फिरायचा, भाजीच्या ढिगात तोंड घालायचा, हमालबी त्याला वचकून. कुणीतरी म्हणलं, "लई हुकूम सोडतोस, मंग त्याला थांबीव की."

मी ग्येलो म्होरं. दोन्ही हात वर, पंजे उघडे, समदं मामांसारखं. म्हणलो, "येशूच्या नावात, थांब."

वळू थांबला. माझ्याकडं नीट बघितलं. मी मागं वळून लोकांकडं बघून हासलो. फुडचं मला आठवत न्हाई. डोळं उघडलं तवा मी कांद्याच्या ढिगावर उताणा, आन् व्यापारी वरडत व्हता, "माल दबला, माल दबला."

मामा बघाया आले. माझ्या बरगडीचं बांधल्यालं बघून डोळ्यात पाणी येईस्तवर हासले. मग डोळे पुसून म्हणाले, "नाव बरुबर व्हतं. पर तुझी आन् येशूची वळख कुठंय? वळूनं इचारलं आसंल, ह्यो कोन? रस्त्यावरचं कुनीबी लाल फडकं घिऊन रुळावर हुबं ऱ्हायलं तर त्यो फाटकवाला न्हाई व्हत."

त्या दिसापास्नं नक्कल बंद.

फुडं आईच्या पोटात गाठ निघाली. दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लई पसारलीय, आता घरी न्या, दुखायचं कमी व्हईल असं बघू. मी ट्रॅक्टर तसाच फाटकापाशी लावला. म्हणलो, "मामा, माझी आई थांबली पायजे. बाकी मला काय नगं."

मामा ड्युटी संपली की यायचे. आईच्या उशाशी हुबं राहून दोन्ही हात वर. हात कापाया लागायचे तरी खाली घ्यायचे न्हाईत. मी भिंतीला टेकून त्या हाताकडं बघत बसायचो. जवर हात वर हायेत तवर आई कुठं जात न्हाई, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मधी आई थोडं थोडं जेवाया लागली, मला शिव्या बी दिल्या. मी गावभर सांगत सुटलो, मामांनी थांबिवली.

मग परत पडली. त्या सकाळी घरात बहीण, शेजारपाजार, समदे. मामा आले. आईनं त्येंना जवळ बोलावलं. आवाज नीट फुटत न्हवता, पर मला आयकू आलं. "लई थांबिवलंस रं भाऊ. आता सोड."

मामा डोळे मिटून लई येळ हुबे राहिले, ओठ हालत व्हते. मी वाट बघतोय, आता हात वर जातील. मग त्येंनी डोळे उघडले आन् उजवा हात उचलला. खांद्याच्या रेषेत. आडवा. आन् तितंच धरला.

घरातल्या कुनाला कायबी समजलं न्हाई. बहिणीला वाटलं आशीर्वाद देत्यात. मला एकट्याला समजलं. मी झेप घिऊन त्यो हात धरला, वर ढकलाया लागलो. "वर करा मामा. दोन्ही वर करा." मी उसाच्या मोळ्या उचालणारा गडी, त्येंच्या हाताला मांस न्हाई, आन् तो हात बोटभर हालला न्हाई. मामांच्या डोळ्यातनं पाणी खाली दाढीत. म्हणाले, "बाळा, ह्यो शिग्नल माझा न्हाई."

आन् आई गेली. हातात हात न्हवता तिच्या माझा. माझा हात मामांच्या हाताला लोंबकाळत व्हता.

मी समद्या गावाम्होरं मामांना नको नको त्या शिव्या दिल्या. "तुमीच सोडली, तुमी मारली." त्येंनी आयकून घेतल्या आन् लोकांबरुबर चितेचं सरपान उचालाया गेले.

तो हंगाम मी फाटकातनं जाताना त्येंच्याकडं बघितलं न्हाई. मामा फाटक उघडायचे, म्हणायचे, "सावकाश जा." मी मान फिरवायचो. मान फिरवून ट्रॅक्टर चालवल्यानं एकदा फाटकाचा खांब वाकवला, तरी मामा येवढंच म्हणाले, "सावकाश."

शेवटी एक दिवस चहाच्या वासानं माझा घात केला. केबिनीत जाऊन बसलो आन् इचारलं, "का सोडली?"

मामांनी कप म्होरं ढकलला. "मला थांबवायची व्हती रं. तुझ्यापरीस जास्त. माझी बायको गेली तवा मी हात वरच धरून हुबा व्हतो. ती म्हणत व्हती सोडा, मी आयकलं न्हाई. वरनं बी सांगितलं आसंल, मी त्ये बी आयकलं न्हाई. ती गेल्यावरबी हात वरच. मंडळीनं धरून खाली केले." त्येंनी आपल्याच हाताकडं बघितलं. "झेंडी माझी असती तर मी कुनालाच जाऊ दिलं नसतं. मंग त्यो अधिकार न्हाई, दांडगाई झाली."

मी कप उचालला, तर माझ्या हातानं चहा बशीत कमी आन् मांडीवर जास्त सांडला. मामा म्हणाले, "येशूच्या नावात, थांब." आन् मला रडू आलं, ते काय थांबलं न्हाई.

आता तितं फाटक न्हाई. खालनं भुयारी रस्ता केलाय, गाड्या न थांबता जात्यात. मामा रिटायर हून दौंडला लेकीकडं राहिले, आन् यंदाच्या उन्हाळ्यात गेले. सकाळी चहा ठिवला, स्टो बारीक केला, आन् खुर्चीत बसले ते बसलेच.

मातीला मी ग्येलो. पेटी खाली सोडली, गाणं सुरू झालं, आन् समद्या मंडळीनं दोन्ही हात वर केले. मीबी करणार व्हतो. पर माझा हात मधीच थांबला, खांद्यापाशी. आडवा. मी त्याच्याकडं बघत ऱ्हायलो, जसा काय दुसऱ्याचा हाय. शेजारचा एक माणूस म्हणाला, "ओ, हात खाली घ्या, डोळ्याला लागंल."

पेटीवर माती पडून सपाट होईस्तवर मी तो हालू दिला न्हाई.