दातात धरायची बॅटरी

माझी बायको यमुना भर दुपारी बॅटरी लावते, हे अख्ख्या पांढुर्ण्याला माहीत आहे. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. लोक हसतात. हसोत बापडे, त्यांच्यातल्या कित्येकांची पोरं पहिल्यांदा रडली ती तिच्याच हातात.

यमुना लोधीखेड्याच्या शेतमजुराची मुलगी. छिंदवाड्याला जाऊन ती नर्स झाली, तेव्हा तिच्या घरात सहीपुरतं लिहिणारंही दुसरं कोणी नव्हतं. तिगावच्या पलीकडच्या पाच खेड्यांची बाळंतपणं तिच्याकडे आली. आम्ही बौद्ध. सुरुवातीला काही घरी तिला ओट्यावर बसवून ठेवत आणि कळा आवरेनाशा झाल्या की मग आत बोलवत. माझं डोकं फिरायचं. ती म्हणायची, "बोलावतात ना आत? मंग झालं."

आत म्हणजे अंधारात. बाळंतिणीला वारा लागू नये म्हणून खिडकी गोधडीनं गच्च बुजवायची, दार लावून घ्यायचं, वरून शेगडीत ओव्याची धुरी. बाहेर ऊन रणरणत असलं तरी आत स्वतःचा हात दिसत नाही. खिडकी उघडा म्हटलं की सासू अंगावर येते. मग उजेड धरायला कोणीतरी लागतं. पंच्याऐंशी साली एका घरी म्हातारीनं कंदील धरला खरा, पण रक्त पाहून तिनं डोळे मिटले आणि कंदील गेला कणगीकडे. रक्त कुठून येतंय तेच यमुनाला दिसेना. ती पोरगी वाचली, पण कशीबशी. त्या दिवशी यमुना घरी येऊन जेवली नाही. "आता माहा उजेड मीच धरीन," एवढंच म्हणाली.

मी तिला माझी दोन मोठ्या सेलची बॅटरी देऊ केली. मी नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात. व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकून बघायचं तर बॅटरी लागतेच, तेव्हा या विषयातलं आपल्याला कळतं असा माझा समज होता. तिनं ती हातात तोलली आणि परत दिली. "हे धरू का बाळ धरू?"

शेवटी आम्ही भैय्याजींच्या दुकानात गेलो. भैय्याजी म्हणजे उत्साही माणूस. त्यांनी बॅटऱ्यांची रांगच मांडली. "ही घ्या, वावराच्या त्या टोकावरचं डुक्कर दिसते."

"मले वीतभर अंतरावरचं दिसलं पाह्यजे," यमुना म्हणाली. "उजेड पांढरा पाह्यजे. पिवळ्या उजेडात रक्त काळं दिसते. अन् बॅटरी दातात मावली पाह्यजे."

भैय्याजींना वाटलं, बाई गंमत करून राहिली. तिनं पिशवीतून सुई, दोरा आणि लाल कापडाचा तुकडा काढला आणि सरळ त्यांच्या मागच्या गोदामात शिरली. एकेक बॅटरी रुमालात धरून दातात घ्यायची, अंधारात सुई ओवायची आणि लाल कापडावर लाल दोऱ्याचा टाका घालायचा. टाका नीट पडला नाही की बॅटरी नापास. भैय्याजी दारात उभे राहून म्हणाले, "बाई, हे दुकान हाय, शिवणाचा क्लास नाही!" मलाही लाज वाटत होती. आठ बॅटऱ्या नापास झाल्या. काही जड होत्या, काहींचा उजेड पसरट होता, आणि एकीच्या मधोमध काळं कडं पडत होतं. नववी बोटाएवढीच जाड, दोन पेन्सिल सेलची, पत्र्याची होती. तिनं सुई ओवली, टाका घातला आणि बॅटरी दातात तशीच ठेवून माझ्याकडे वळून हसली. डोळे दिपले माझे.

आता माझा पराक्रम ऐका. मी काटकसरी माणूस. जुने सेल कौलावर उन्हात वाळवून पुन्हा चालवणारा. बॅटरी पिशवीत ठेवली की कशाचा तरी धक्का लागून पेटते आणि सेल फुकट उतरतात. म्हणून मी माझ्या बॅटरीतला एक सेल नेहमी उलटा घालून ठेवतो. लागली की सुलटा करायचा, दोन सेकंदांचं काम. तिची बॅटरी तर कात्र्या-चिमट्यांच्या पिशवीत राहणार. महिन्याभरानं एका संध्याकाळी मला वाटलं, आपण हिचंही भलं करावं. केला एक सेल उलटा. तिला सांगू म्हटलं, तेवढ्यात शेजारचा मनोहर आला, गप्पा निघाल्या आणि राहून गेलं. पहाटे मी पाणी सोडायला बाहेर.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास मी व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकलो. बटण दाबलं, उजेड नाही. सवयीनं झाकण उघडलं, सेल फिरवला, उजेड पडला. आणि आठवलं, यमुनाच्या बॅटरीतला सेल अजून उलटाच आहे.

सायकल घेऊन यमुनाच्या दवाखान्याच्या खोलीवर गेलो तर कुलूप. समोरची सुमन म्हणाली, "सुखदेवच्या सुनेले कळा येऊन राहिल्या म्हणे. सकाळीच गेली बाई." सुखदेवचं गाव तिगावच्या पलीकडे. मी अशी सायकल आयुष्यात कधी हाणली नाही. वाटेत चेन दोनदा पडली. काळ्या हातांनी घाम पुसत मी एकच म्हणत होतो, आज कंदील धरणारी तरी धड असू दे. त्या पोरीला काही झालं तर ते माझ्यामुळे, हे मला स्पष्ट दिसत होतं.

सुखदेवच्या अंगणात बाया दाराकडे बघत बसल्या होत्या. दार बंद. मला विचारायची हिंमत होईना. तेवढ्यात दार उघडून सुखदेवची बायको केसरबाई बाहेर आली. पदरानं तोंड पुसत ओट्यावर टेकली आणि मला, अनोळखी माणसाला, आपणहून सांगू लागली.

"नातू झाला, भाऊ. पण सुनेचं, सरलाचं रक्त थांबेचना. नर्सबाईनं एका हातानं दाबून धरलं अन् दुसऱ्या हातानं बॅटरी तोंडात घेतली, तं ते लागेचना! मी तं रडालेच लागली. बाई शांत. मले म्हणे, मागचं झाकण खोला, एक सेल उलटा असन, सुलटा करा. खोलून चाचपून पाहतो तं खरंच उलटा! म्या विचारलं, बाई, तुले कसं समजलं? तं म्हणे, माह्या घरी एक शहाणा माणूस हाय."

"मंग?" मी कसंबसं विचारलं.

"मंग काय. बॅटरी दातात धरली, शीर पाहिली, बांधली. रक्त बंद." केसरबाईनं कपाळावर हात मारला. "पण कोण हाय बाप्पा तो शहाणा? सापडला पाह्यजे मले!"

मी ओट्यावर खाली बसलो. रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. केसरबाईनं मला पाणी दिलं. तिला वाटलं, मी सरलाच्या माहेरचा.

यमुना बाहेर आली, मला पाहिलं, माझे काळे हात पाहिले. सरलाला ट्रॅक्टरनं पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासलं आणि आता चिंता नाही म्हणाले. ते ऐकेपर्यंत मी दवाखान्याच्या पायरीवरून हललो नाही.

घरी येईपर्यंत दिवस कलला होता. यमुनानं हातपाय धुतले, पिशवी समोर घेऊन बसली. मी म्हणालो, "यापुढं तुह्या बॅटरीले मी हात लावणार नाही. शपथ."

"कायची शपथ?" ती म्हणाली. "लागली नाही तवा मले बॅटरीवर शक आलाच नाही. नऊ बॅटऱ्या पाहून घेतली मी ते. मंग राहिलं कोण? बारा वर्षं झाली तुमच्यासंग राहून."

तिनं बॅटरी माझ्या हातात ठेवली.

"पिशवीत खरंच पेटून जाते ते. दोन डाव पेटलेली सापडली मले. करा सेल उलटा." मी झाकण उघडू लागलो तशी ती दिव्याखाली माझ्याजवळ सरकली. "इकडं. माह्यासमोर."

सेल दोनदा खाली पडला. दोन्ही वेळा तिनंच उचलून दिला.