साडूंच्या वेबसाइटवरचं आवतण

इंटरनेटवर आलेल्या माणसाला आधी ‘जेवलात का?’ असं विचारणारा माणूस या पृथ्वीवर एकच आहे आणि तो नात्यानं माझा थोरला साडू लागतो. गारखेड्यात त्यांचं घर आहे आणि इंटरनेटवर वेबसाइट. या दोन्हींत ते काडीचाही फरक करत नाहीत. चितेगावच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी ही साइट स्वतः शिकून उभी केली. तिच्यावर अभिप्राय लिहायचा तर नाव, गाव, कुणाकडचे आणि जेवण झालं का, एवढं सांगावं लागतं. ‘नाही’ म्हटलं की पुढचं पान उघडतच नाही. ‘आधी जेवून या, मी इथंच आहे,’ एवढा मजकूर दिसतो. साइटचा रंग घराच्या दर्शनी भिंतीचा, म्हणजे पिवळा होता. मध्यंतरी भिंतीला हिरवा दिला तेव्हा साइटही हिरवी झाली आणि दोन दिवस तिच्यावर पाटी होती : ‘रंग ओला आहे, हात लावू नका.’

लिहितात काय, तर गॅलरीतल्या कढीपत्त्याला पालवी फुटली, नळाला पाणी कमी दाबानं आलं, शहागंजात धार टिकणारा अडकित्ता कुठं मिळतो, असलं सगळं. येणाऱ्या प्रत्येक पत्राला उत्तर देतात आणि ते पत्राहून लांब असतं. नांदेडच्या वसतिगृहातल्या एका मुलीनं मेसच्या वरणाला चव नसल्याचं कळवलं, तर यांनी खोलीत लपवता येईल अशा लसणाच्या चटणीची कृती सविस्तर लिहून पाठवली. हे सगळं फेसबुकवर का लिहीत नाही, असं मी विचारलं होतं. “तिथं समदे भाड्यानं राहतात,” ते म्हणाले. “हितं खिळा ठोकायचा तर मला कुणाला इचारावं लागत नाय.”

साइटचं तांत्रिक काम त्यांची लेक पुण्याहून बघते. यंदा तिनं फोनवर स्पष्ट सांगितलं, “पप्पा, हे कुणी वाचत नाही. मी बंद करते. तुम्ही इतर लोकांसारखं ग्रुपवर या.” साडू म्हणाले, “लोकांना जेवायला बोलावतो. कुणीच आलं नाय तर तुझ्या हातानं बंद कर.” त्याच दिवशी साइटवर मोठ्या अक्षरांत आवतण झळकलं : रविवारी दुपारी जेवायला या. येणार का, ते कळवू नका. घरच्या माणसानं कळवायचं नसतं.

त्यामुळं किती माणसं येणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. तरी त्यांनी लग्नघरासारखी येसर मसाल्याची आमटी करायला लावली, भाकऱ्यांची चळत रचून घेतली आणि शिऱ्याचं पातेलं शेजाऱ्यांकडून आणलं. लेक सकाळीच पुण्याहून आली होती. बारा वाजले, एक वाजला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. “आता तुम्ही तरी दोन घास खाऊन घ्या,” माझी मेहुणी म्हणाली.

“पाहुण्याच्या आधी यजमान जेवतो व्हय?” साडूंनी फाटकावरची नजर काढली नाही.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. शहागंजातला एक तरुण अत्तरवाला उतरला. हातात बाटली होती. “चाचा, आप ही ना? हिरवी भिंत देखके ओळखलं,” तो म्हणाला. “जेवलो नाय हां, खरं सांगतो!” त्याच्यामागं नांदेडची मुलगी मैत्रिणींना घेऊन आली. मग कन्नडचं एक कुटुंब, जालन्याचे निवृत्त मास्तर, मग नुसती रांगच लागली. पंगतीमागून पंगत उठली. भाकरी संपली, तशा शेजारणी परातीपाशी बसल्या. अनोळखी माणसं एकमेकांना ‘साइटवर लिहिलेलं ते मोडकं कुलूप तुमचंच का?’ असं विचारून गळ्यात पडत होती. साडू वाढायला फिरत होते आणि प्रत्येकाला नावानिशी आग्रह करत होते. निवडून आलेल्या उमेदवाराच्या दारातही मी एवढा आनंद पाहिलेला नाही.

पानावरून उठताना अत्तरवाल्यानं बाटली पुढं केली. “चाचा, घुटना कैसा है अब? जिना चढता येतो का? ये तेल लावा, गरम करके.”

“कसला गुडघा?” लेकीनं विचारलं.

“वो सावन में गिरे थे ना,” तो म्हणाला. जालन्याच्या मास्तरांनी डावा गुडघा असल्याची पुस्ती जोडली. नांदेडच्या मुलीला सूज किती दिवस होती तेही ठाऊक होतं. लेक दर रविवारी फोन करते आणि दर रविवारी तिला ‘समदं झकास’ असं उत्तर मिळतं.

“पप्पा, मला का नाही सांगितलं?”

साडू शिरा वाढता वाढता थांबले. “तू तिकडं कामात असतीस,” ते म्हणाले. “आन् साइटवर व्हतं की.”

साइट बंद करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. ऊन उतरलं, पाहुणे पांगले, मेहुणी भांडी आवरू लागली. लेक गॅलरीत कढीपत्त्याच्या कुंडीशेजारी मोबाइलवर साइट उघडून बसली होती. चहा झाल्याची हाक साडूंनी दोनदा मारली. तिसऱ्यांदा ते स्वतः कप घेऊन गेले.

मान वर न करता ती म्हणाली, “ठेवा तिथंच, पप्पा. मी अजून मागच्या दिवाळीत आहे.”