माझी बायको बेलिफ आहे

कोर्टाचे समन्स घरोघरी नेऊन बजावणं हे माझ्या बायकोचं काम आणि तिला स्कूटरवर नेणं हे माझं. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालो तेव्हा वाटलं होतं, आता आरामात पडून राहू. कसलं काय! पुष्पलता म्हणाली, "घरी बसून काय करून राहिले जी? चला." तेव्हापासून जिल्ह्यातले खड्डे मला तोंडपाठ झालेत.

बेलिफ दारात दिसला की लोकांना वाटतं, पोलीस आले. कोणी मागच्या दाराने पळतं, कोणी कुत्रं सोडतं. मला चीड येते. ती शांत उभी असते.

मागच्या महिन्यात कन्हानच्या कांताबाईचं समन्स होतं. पासष्टीची विधवा, मालमत्ता म्हणजे दोन खोल्यांचं घर. त्यावर पुतण्या ओमप्रकाशने दावा लावलेला. घर दाखवायला तो स्वतः आला. दाराला कुलूप. दुसऱ्या खेपेलाही कुलूप. तेव्हा हा मऊ आवाजात म्हणतो, "मॅडम, घ्यायले नकार देला असं लिहून टाका न. कायले चकरा मारता?"

"ते भेटलीच नाही, तं नकार देला कवा?" पुष्पलताने विचारलं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

शेजारणीने सांगितलं, कांताबाई कामठीच्या बाजारात भाजी विकते. तिथे गेलो. समन्सचं नाव काढताच बाई मेथीची जुडी टाकून उठलीच. "मी नाही घेत वं बाई! सही केली का घर गेलं. पुतण्यानंच सांगतलं मले."

आता खरी पंचाईत. तिने नकार दिला, तर पुष्पलताला तेच लिहावं लागणार, कायद्याने नकार म्हणजे समन्स बजावल्यातच जमा, आणि ओमप्रकाशला हवं ते आयतं मिळणार. मी हळूच म्हटलं, "आजही भेटली नाही म्हणून लिही ना." बायकोने अशी नजर टाकली की मी गुपचूप टमाटर निवडायला लागलो.

ती तिथेच पोत्यावर बसली. "मावशी, हे वारंट नोहे, तुमाले कोणी पकडून नेत नाही. हे समन्स होय. ओमप्रकाशनं दावा लावला, तो वादी. तुमी प्रतिवादी. प्रतिवादी म्हणजे गुन्हेगार नोहे. तुमची बाजू आयकाची बाकी हाय, इतकंच. सही म्हणजे कागद भेटला, बस. नाही घेतला, अन् तारखेले नाही आल्या, तं कोर्ट त्याचंच आयकून एकतर्फी हुकूम करन. वकील पाहिजे तं विधी सेवा प्राधिकरणात जा, बायांले फुकट भेटते."

"तू कोनाकून हाय वं?"

"कोनाकूनच नाही. मी कोर्टाची."

कांताबाईने हात पुसले आणि सही केली. निघताना मेथी देऊ लागली, ती पुष्पलताने घेतली नाही. मला मेथी फार आवडते, पण माझं ऐकतो कोण!

तारखेच्या दिवशी पुष्पलता दुसरं समन्स घेऊन बसने बुटीबोरीला गेली. मी गुडघ्याचं निमित्त करून घरी राहिलो आणि तिची पाठ वळताच थेट कोर्टात जाऊन बसलो. पुकारा झाला. ओमप्रकाश निवांत बसला होता, कोणी येत नाही या खात्रीने.

"हजर हाय!" कांताबाई इतक्या मोठ्याने बोलली की न्यायाधीशांनी मान वर केली. सोबत प्राधिकरणाने दिलेली वकील होती. तिने कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायला मुदत मागितली, ती मिळाली. आता जो निकाल लागेल तो दोघांचंही ऐकूनच लागेल.

माझा ऊर अभिमानाने भरून आला. राहवेना, तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसून सांगितलं, "तिले समन्स माह्या बायकोनं बजावलं, बरं का!"